चाकामागचा दगड

मी, मल्हार हरिबा पुकळे, वय २४ वर्षे, धंदा गाडीदुरुस्ती व मॅपिंग, शिक्षण दहावी पास, आयटीआय अर्धवट, मूळ राहणार पुकळे वस्ती, ता. माण, जि. सातारा, सध्या राहणार माधवनगर, ता. मिरज, जि. सांगली येथे नानासो यांच्या गॅरेजच्या वरच्या खोलीत, आज दि. २३/०१/२०२५ रोजी दुपारी बारा वाजता, कुणी बोलावणे पाठवले नसताना पोलीस ठाण्यात आपल्या पायाने हजर होऊन सांगतो ते असे की,

माझे वडील हरिबा बिरा पुकळे, वय अंदाजे ६१, हे मेंढपाळ आहेत. आई धोंडुबाई त्यांच्याबरोबर फिरते. बहीण राणी लग्न होऊन म्हसवडला असते. आमची लहानमोठी मिळून एकशे चाळीस मेंढरे आणि एक घोडी आहे. दसरा झाला की वडील माण सोडतात आणि चालत चालत कृष्णाकाठच्या बागायतीत उतरतात, पाऊस तोंडावर आला की परत जातात. कुंडल येथील माजी सुभेदार हंबीरराव जमदाडे यांच्या ऊस तुटलेल्या रानात आमची मेंढरे एकोणीस वर्षे बसतात. मेंढरे रात्रीची रानात बसली की रानाला खत मिळते, मालक ज्वारी देतात. आजपर्यंत कधी वाद नाही.

मी मेंढरांमागे राहिलो नाही. दहावीनंतर विट्याच्या गलाईवाल्यांबरोबर कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात पाच महिने होतो. तिथून मुंबईत चुलत्यांकडे माथाडीत, तिथून परत येऊन आयटीआय, ते सोडून मिरजेला ट्रकच्या गॅरेजवर, मग कोल्हापूरला एकाच्या हाताखाली लॅपटॉपवरून गाडीचा मॅप बदलायला शिकलो. बाकीचे मोबाईलवर व्हिडिओ बघून. कोइमतूरला सोनं गाळताना भट्टीचा रंग बघून कळतं की आता थांबायचं, ती नजर मला लवकर आली होती, तिथला सेठ म्हणायचा की तू राहिलास तर... हवालदार साहेबांनी मुद्द्याचे सांग म्हटल्यावरून पुढे सांगतो.

हंबीरराव यांचा मुलगा उदयसिंह, वय ३३, यांच्याकडे डिझेल टर्बोची मोठी गाडी आहे. हाताने गिअर टाकायची, चारही चाकांना ताकद जाणारी. दि. ०८/१२/२०२४ रोजी ते गाडी घेऊन माधवनगरला आले आणि गाडीला जोर पाहिजे म्हणाले. मॅप म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेले असते की पाय दाबल्यावर किती डिझेल सोडायचे, टर्बोने किती हवा भरायची, त्याचे आकडे. ते लॅपटॉप जोडून बदलता येतात. सदर गाडीची कंपनीची ओढ, म्हणजे टॉर्क, ३२० होती. मी ती ४३० पर्यंत नेता येते असे सांगितले.

क्लच म्हणजे काय ते साध्या भाषेत सांग असे हवालदार साहेबांनी विचारले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये एक प्लेट असते. स्प्रिंगने ती दाबून धरलेली असते. दोन तळहात एकमेकांवर दाबले आणि एक फिरवला की दुसरा फिरतो, तसे. धरून ठेवलेय ते फक्त दाबाने आणि घर्षणाने, बाकी कशाने नाही. मॅप बदलला की इंजिनाचा जोर वाढतो. प्लेटीची पकड वाढत नाही, ती कंपनीने दिली तेवढीच राहते. जोर पकडीच्या वर गेला की हात निसटतो. मीटरमध्ये आरपीएमचा काटा पळतो, गाडी पळत नाही. प्लेट तापते आणि वास येतो. हा वास मला कुठेही ओळखू येतो.

माझ्या अंदाजाने सदर गाडीचा क्लच ३७० ते ३८० पर्यंत धरतो. हा अंदाज हवेतला नाही. त्याच दिवशी मी ४३० ची फाईल टाकून विट्याच्या रस्त्याला पाचव्या गिअरमध्ये पाय दाबून बघितले होते. काटा पळाला, गाडी पळाली नाही. मी लगेच पाय काढला. म्हणून दोन फाईल केल्या. पहिल्या फाईलला ३६० ची मर्यादा लावली. दुसरी ४३० ची, मोकळी. पहिली गाडीत टाकून दिली आणि उदयसिंह यांना सांगितले की जड क्लच बसवा, मग दुसरी टाकतो.

ते म्हणाले, "जड क्लच म्हंजी पेडल जड हुणार का न्हाई?"

मी होय म्हणालो.

"मग नको. साक्षी रोज पलूसला शाळेत घिऊन जाती गाडी. तिचा पाय दुखंल." साक्षी या त्यांच्या पत्नी, शिक्षिका आहेत.

त्या दिवशी गाडी पोचवायला मी त्यांच्याबरोबर कुंडलला गेलो आणि तळावर वडिलांना भेटलो. तळ म्हणजे मेंढरे बसतात ती जागा, आईची चूल तिथेच असते. वडिलांनी गाडीला काय केले ते विचारले. मी वर सांगितले तसेच सांगितले. ते ऐकून म्हणाले, "म्हंजी घोडीला खुराक वाढवला, पाय त्येच ठिवलं. व्हय रं?"

"तसंच, आबा."

"मग वझं किती घालायचं, कोन ठरवतं?"

"मी."

"बरं," म्हणाले.

आमच्या घोडीवर अख्खा संसार असतो. भांडी, वाकळ, कोकरे, पीठ. वडील ओझे घालताना तिच्या कानाकडे बघत असतात. कान पडला की एक वस्तू उतरवतात आणि स्वतःच्या डोक्यावर घेतात. हे मुद्द्याचे आहे म्हणून सांगितले.

दि. १८/०१/२०२५, शनिवार रोजी मी कुंडलला तळावर आलो होतो. काम काही नव्हते. माधवनगर सोडावे असे मनात होते, पुढे कुठे ते ठरत नव्हते. हंबीरराव यांच्या कालव्याकडेच्या रानात ऊसतोड चालू होती. भरलेली एक ट्रॉली जोडून ट्रॅक्टर रानातून रस्त्यावर चढत होता. रान खाली आहे, रस्ता वर आहे, मध्ये पन्नासएक फुटांचा चढ आहे. ट्रॅक्टरचालक अर्जुना याने तीन वेळा प्रयत्न केला. मागची चाके जागच्या जागी फिरत होती. अशा वेळी दुसरा ट्रॅक्टर बोलावून पुढे जोडतात. तो फोन करून सांगितला होता, यायला तासभर लागणार होता.

दुपारी साडेतीनच्या सुमारास उदयसिंह गाडी घेऊन आले. त्यांनी विचारले, "दुसरा ट्रॅक्टर कशाला? दारात हत्ती बांधलाय की."

तोडकऱ्यांपैकी एकजणी म्हणाली, "मालक, हत्तीला आदी ऊस तर घाला!" सगळे हसले.

अर्जुना म्हणाला, "दादा, माज्या ट्रॅक्टरफुडं तुमची गाडी म्हंजी नवरीच्या फुडं करवली चालल्यावानी."

"करवलीच नवरीला वढून न्हेती का न्हाई बघ आता," उदयसिंह म्हणाले.

हंबीरराव बांधावर बसले होते. ते म्हणाले, "उदय, तासाभरानं काय ऊस वाळणार न्हाई. येऊ दे ट्रॅक्टर."

"आप्पा, तुमी बसा वो सावलीला."

मग उदयसिंह मला म्हणाले, "मल्हार, ती दुसरी फाईल टाक."

मी म्हणालो, "दादा, क्लच बदलल्याबिगर नको."

"एक चढ हाय रं गड्या. काय मुंबईला जायाचंय?"

वडील काठी घेऊन तिथेच उभे होते. उदयसिंह त्यांच्याकडे वळून म्हणाले, "हरिबा, पोरगं हुशार हाय तुमचं, पर भित्रं हाय."

वडील म्हणाले, "भित्रं न्हाई, मालक. त्येचा पाय एका जागी टिकत न्हाई, येवढंच." सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. वडीलही हसत होते. माझे काम बघायला ते पहिल्यांदाच उभे राहिले होते.

मी पिशवीतून लॅपटॉप काढला. स्टेअरिंगखालच्या सॉकेटला वायर लावली आणि मर्यादा नसलेली ४३० ची फाईल टाकली. बारा मिनिटे लागली. कुणी माझा हात धरून टाकायला लावली नाही.

ट्रॅक्टरच्या पुढच्या हुकाला साखळी लावून ती गाडीच्या मागच्या हुकाला लावली. लो गिअर लावा, असे मी उदयसिंह यांना एकदा म्हणालो. लो गिअरमध्ये गाडी हळू चालते पण क्लचवर भार कमी येतो. ते म्हणाले, "लोमधी गाडी रांगती. व्हिडिओत काय दिसणार?" दुसऱ्यांदा मी म्हणालो नाही. व्हिडिओ त्यांच्या पुतण्याने रस्त्यावरून काढला आहे, त्यात बोललेले ऐकू येत नाही, वाऱ्याचाच आवाज आहे.

भरलेली गाडी चढाला असली की कुणीतरी मागच्या चाकामागून दगड घेऊन चालायचे असते. गाडी थांबली की लगेच चाकामागे दगड सारायचा, म्हणजे ती मागे येत नाही. हे काम वडिलांनी बैलगाडीच्या काळापासून केले आहे. त्यांना कुणी सांगितले नाही. ते तळावर गेले. कुंडलच्या काळ्या रानात शोधून दगड सापडत नाही. आमच्या चुलीचे तीन दगड माणहून घोडीवर येतात, दर साली तेच. वडिलांनी त्यातला तिकोनी दगड उचलला. आईने "आवं, चुलीचा नका न्हेऊ," म्हटले. ते म्हणाले, "आत्ता आणतो. पोराची गाडी हाय."

मी गाडीत उदयसिंह यांच्या शेजारी बसलो, लॅपटॉप मांडीवर. गाडी चालू असताना आकडे लॅपटॉपवर नोंदले जातात, त्यांची वेळ सेकंदापर्यंत मिळते. ती नोंद मी पेनड्राइव्हमध्ये आणली आहे आणि हवालदार साहेबांकडे दिली आहे.

चार वाजून चार मिनिटांनी पहिल्यांदा ओढले. गाडी आणि ट्रॅक्टर मिळून ट्रॉली वीस-पंचवीस फूट वर आली. तोडकरी ओरडत होते. मग गाडीचा वेग कमी होऊन शून्य झाला आणि उदयसिंह यांनी क्लच अर्धा दाबून गाडी तशीच धरून ठेवली. मी "सोडा, सोडा," म्हणालो. त्यांनी सोडली. अर्जुनाने ब्रेक मारला. वडिलांनी ट्रॉलीच्या डाव्या चाकामागे दगड लावला होता. ट्रॉली इंचभरही मागे आली नाही. अर्जुनाने ब्रेकवरचा पाय काढला तरी आली नाही. ट्रॉली त्या दगडावर उभी होती. हे नीट लिहून घ्यावे.

गाडीत वास यायला लागला होता. उदयसिंह काच खाली करून मागे बघत होते, त्यांनी मला काही विचारले नाही. वडील दगड तिथेच ठेवून गाडीपर्यंत चालत आले. माझ्या बाजूच्या काचेशी वाकले.

"मल्हार, वास कसला रं?"

शेजारच्या गटात, कालव्याच्या बाजूला, तुटलेल्या उसाचे पाचट, म्हणजे वाळका पाला, सकाळपासून पेटवलेले होते. त्याचा धूर दिसत होता, कालव्याकडे जात होता.

मी म्हणालो, "पाचट जळतंय, आबा."

ते पाचट नव्हते. क्लच प्लेट जळत होती. मला तेव्हाच माहीत होते. उदयसिंह यांना दोष देऊन मी सांगत नाही, त्यांना वासातला फरक कळत नसेल, मला कळतो. त्या वेळी मी खरे बोललो असतो तर गाडी अर्धा तास थंड करावी लागली असती, साखळी सोडावी लागली असती, तोवर दुसरा ट्रॅक्टर आला असता. ट्रॉली वर गेली असती. एवढेच झाले असते.

वडिलांनी माझ्याकडे बघितले. मग "बरं," म्हणाले आणि मागे गेले.

चार वाजून नऊ मिनिटे वीस सेकंदांनी दुसऱ्यांदा ओढले. ट्रॉली चारेक फूट वर सरकली. वडिलांनी दगड उचलला आणि ते चाकामागून चालू लागले. त्यानंतर अकराव्या सेकंदाला आरपीएम ३४०० आणि वेग शून्य अशी नोंद आहे. म्हणजे इंजिन पूर्ण जोरात आणि चाकाला काहीच पोचत नाही. साखळी सैल झाली. सगळा भार एकट्या ट्रॅक्टरवर आला, त्याची पुढची चाके जमिनीवरून उचलली गेली. अर्जुना याने घाबरून ट्रॅक्टरचा क्लच दाबला. त्याच्या जागी कुणीही दाबला असता. ट्रॉली मागे आली.

मी आरशातून बघत होतो. माझ्या बाजूचा आरसा. वडिलांनी दगड चाकामागे लावला आणि वर पाय दिला. चालती ट्रॉली थांबवायला असाच पाय देतात. उडी मारून बाजूला व्हायला जागा होती. ट्रॉली तोवर पाच-सहा फूट मागे आलेली होती, वेगात होती. चाक दगडावर चढले आणि दगडाच्या पलीकडे उतरले. मग ट्रॉली बांधाला लागून थांबली.

त्यानंतर नोंदीमध्ये अकरा मिनिटे इंजिन नुसते चालू आहे. गाडी बंद करायचे कुणाला सुचले नाही.

तोडकऱ्यांनी ट्रॉलीतला ऊस हाताने खाली ओढला. अर्जुनाने जॅक लावला. वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखाली चाकाखाली होता. ते शुद्धीवर होते. मेंढरे कालव्यात उतरतील, आधी ती वळवा, असे आईला सांगत होते. आई मेंढरे वळवायला गेली. ती गेली म्हणून कुणी तिला काही बोलू नये, त्यांनी सांगितले म्हणून ती गेली.

दवाखान्यात नेण्यासाठी सदर गाडीत बसवले. उदयसिंह यांनी पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, रिव्हर्स टाकला. गाडी जागची हलली नाही. प्लेट संपली होती. वडिलांना परत उतरवले आणि दुधाच्या पिकअपमध्ये कॅनच्या मध्ये झोपवून सांगलीला नेले. पिकअपवाला ताशी चाळीसच्या वर जात नव्हता, दूध सांडेल म्हणून नाही, वडिलांना धक्के बसतील म्हणून. मी त्यांचे डोके धरून बसलो होतो. कॅनवर डेअरीचे नंबर असतात, ४१७, ४१८, मधला एक नव्हता, ४२०. ते कशाला लिहायचे असे हवालदार साहेब म्हणाले, पण लिहून झाले आहे तर राहू द्यावे.

दि. १९/०१/२०२५ रोजी ऑपरेशन होऊन पाय गुडघ्याखालून काढला.

दि. २० रोजी पोलीस दवाखान्यात आले, तेव्हा मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. वडिलांनी जबाब दिला की, "माज्या हातनं दगूड निसटला. माजीच चूक हाय. माजी कुणाबद्दल तक्रार न्हाई." खाली अंगठा दिला. मी हजर असूनही काही बोललो नाही.

दि. २१ रोजी हंबीरराव तळावर आले. दवाखान्याचे सगळे त्यांनीच बघितले आहे, ते मी नाकारत नाही. त्यांनी ज्वारीचे पोते आणले होते, नेहमीपेक्षा मोठे. ते मला म्हणाले, "पोरा, म्हातारा बोलला ते बोलला. आता त्येच राहू दे. फुडल्या सालीबी मेंढरं आमच्याच रानात बसतील, मी शब्द देतो." सुभेदार वाईट मनाने बोलले असे मला वाटत नाही. पुढल्या साली माणहून कुंडलपर्यंत मेंढरे कोण चालवत आणणार, ते त्यांनी विचारले नाही आणि मीही काढले नाही.

उदयसिंह रोज दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसतात. आत येत नाहीत. काल सकाळी मला बघून एवढेच म्हणाले, "पेडल जड चाललं असतं रं." मी म्हणालो, "व्हय, दादा." त्यानंतर आम्ही दोघांनी चहा घेतला.

दरम्यान कुंडलमध्ये आणि आसपासच्या तळांवर असे बोलले जात आहे की हरिबाचा हात चुकला, वय झाले, चाकामागे कशाला गेला. आमच्या भावकीतला एक मेंढपाळ दवाखान्यात येऊन वडिलांना तोंडावर म्हणाला, "हरिबा, तुजा दगूड कसा काय निसटला गड्या?" वडील म्हणाले, "घाम आल्ता हाताला." जानेवारी महिना आहे.

काल दि. २२ रोजी दुपारी आई मेंढरांकडे होती आणि मी एकटा वडिलांजवळ होतो. ते छताकडे बघत होते. मग म्हणाले, "वारं मावळतीचं व्हतं."

मी कळले नाही असे दाखवले.

ते म्हणाले, "पाचट उगवतीला जळत व्हतं. धूर कालव्यावर जात व्हता. आपल्याकडं वास यायचा न्हाई त्येचा."

मेंढपाळाला वारे कुठून आहे ते बघावे लागत नाही. मेंढरे तोंड करून उभी राहतात त्यावरून पाठीलाच कळते. हे मला लहानपणापासून माहीत होते, त्या वेळी लक्षात आले नाही.

मी विचारले, "मग मागं कशाला गेलासा, आबा?"

वडील म्हणाले, "तू म्हनलास पाचट. म्या पाचट मानलं."

त्यानंतर त्यांनी पाणी मागितले. मी दिले. यापेक्षा जास्त बोलणे झाले नाही. आज सकाळी सांगलीहून पहिल्या एसटीने निघालो, आधी तळावर जाऊन मग इथे आलो. एसटी पलूसला बंद पडली, तिचेही क्लचचेच होते, पण ते असो.

तरी माझे म्हणणे असे की, वडिलांनी दि. २० रोजी दिलेला जबाब खरा नाही. तो त्यांनी मला वाचवण्यासाठी दिला आहे. क्लच धरणार नाही हे मला दि. ०८/१२ पासून माहीत होते. मर्यादा मी लावली होती आणि मीच काढली. प्लेट जळतेय हे मला चार वाजून सात मिनिटांनी माहीत होते, ते मी लपवले. उदयसिंह यांनी हट्ट केला हे खरे आहे, त्याचे त्यांच्याकडून विचारून घ्यावे. मी माझे सांगतो आहे. माझ्यावर काय कलम लागते ते मी विचारलेले नाही.

यामुळे वडिलांना खोटा जबाब दिल्याचा त्रास होणार का, असे मी हवालदार साहेबांना विचारले. त्यांनी तसे काही होणार नाही असे सांगितले, म्हणून पुढे लिहून देत आहे.

पेनड्राइव्हशिवाय मी एक दगड आणला आहे. पिशवीत आहे. चढावरच्या मातीत रुतला होता, पंचनाम्यात त्याचा उल्लेख नाही. तिकोनी आहे. दोन बाजू चुलीतल्या काजळीने काळ्या आहेत. तिसऱ्या बाजूवर आणि वरच्या कडेवर ट्रॉलीच्या टायरची नक्षी उठली आहे, रबर लागलेले आहे. दगड हातातून निसटून बाजूला पडला असता तर त्याच्यावर चाक चढले नसते. ज्या ठिकाणी लावायला पाहिजे त्याच ठिकाणी लावलेला होता. ४३० च्या गाडीने सोडून दिलेली ट्रॉली त्याने थांबली नाही, तो दगडाचा दोष नाही आणि लावणाऱ्याचाही नाही.

दगड कुठे ठेवायचा असे हवालदार साहेब म्हणाले. तो दोन पंचांसमोर जमा करून चिठ्ठी लावावी, अशी माझी विनंती आहे. चिठ्ठीवर 'हरिबा बिरा पुकळे यांनी लावलेला दगड' असे लिहावे. काम झाल्यावर परत मिळावा. आई पाच दिवस दोन दगड आणि एका विटेवर भाकरी करते आहे. वीट सारखी सरकते. माणहून दुसरा दगड आणून देतो असे मी तिला म्हणालो, ती नको म्हणाली, तोच पाहिजे.

मी आता कुठे जाणार नाही. बोलवाल तेव्हा तळावर सापडेन. मेंढरे माझ्याकडे आहेत.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. 'पाचट जळतंय, आबा' ही ओळ गाळायची का, असे त्यांनी मला विचारले. गाळू नये. ती मी सांगितल्याप्रमाणे बरोबर लिहिली आहे, बाकीचेही बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.

(सही) मल्हार हरिबा पुकळे